मागून ठोकलेली जुनी पिकअप घरीच दुरुस्त करता येते काय?

अरुणावतीकाठ
राम राम मंडळी. माझी २०११ ची बोलेरो पिकअप. नागपूर-तुळजापूर हायवेवर आर्णीच्या अलीकडे आमच्या फाट्यावर वळायला थांबलो होतो, मागून भरलेल्या टेम्पोनं ठोकलं. माझ्याही गाडीत ढेपेची पोती होती. माणसं सगळी सुखरूप. टेम्पोवाला पळाला नाही, पोलिसांत नोंद झाली. माझा विमा फक्त थर्ड पार्टी.

नुकसान असं: फाळका (मागचं उघडणारं झडप) कामातून गेला. डावा टेललॅम्प गेला. चॅसिसची (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची) मागची आडवी चॅनल डावीकडून आत दबली. डाला (माल भरायचा मागचा भाग) डावीकडून पुढे सरकून केबिनच्या पाठीला टेकला आहे. आधी दोघांच्या मधून तळहात जायचा, आता डाव्या बाजूला बोटही जात नाही. गाडी चालू होते, चालते, गावापर्यंत चालवतच आणली.

गॅरेजवाला म्हणतो डाला उतरवून चॅसिस ओढावी लागेल, सत्तर हजार सांगितले. विकायला काढली तर गाडीचे दीड-पावणेदोन लाख मुश्किलीनं येतील. घरी २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर, चेन पुली, ट्रॅक्टर आहे. चुलतभाऊ दारं-खिडक्यांचं वेल्डिंग करतो. तूर निघायला वेळ आहे, तोवर गाडी उभी राहिली तर चालते. घरी करावं की नको?

बारातेराचा_पाना
करा बिनधास्त. पिकअपमध्ये आहेच काय? डाला यू-क्लॅम्पवर बसलेला असतो. नट गंजले असतील तर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. सकाळी नाही निघाले तर ग्राइंडर. फाळका, लॅम्प, बंपर कबाड्याकडे मिळून जातात.

कायले_बाप्पा
सत्तर हजार? राजेहो, तेवढ्यात आमच्याइकडे लग्नाचा मंडप होते, वर जेवण बी. ठोक घरीच. ट्रॅक्टर पुढं, झाड मागं, पिकअप मधात. वढली का सरळ.

सिस्टर_पुसद
गाडीचं होईल. तुमच्या मानेचं काय? मागून धक्का बसला की त्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान धरते, हाताला मुंग्या येतात. मुंग्या किंवा हातातली ताकद कमी वाटली तर घण उचलण्याआधी फोटो काढून घ्या, गाडीचा नव्हे, मानेचा. आणि सीटचं डोकं टेकायचं पॅड कानाच्या उंचीला हवं. जुन्या पिकअपमध्ये ते काढून सीटमागे टाकलेलं असतं, रोज पाहते.

वाडीचा_मिस्त्री
नागपूरला वाडीत चॅसिसचं काम करण्यात उमर गेली माझी. भाऊ, घरी करावं का हा प्रश्न आत्ता विचारूच नका. आधी माप घ्या. मापाशिवाय सत्तर हजारही खोटे आणि सात हजारही खोटे.

डाला उतरवा. सिमेंटचं खळं किंवा धान्य वाळवायचा ओटा असेल तर गाडी तिथं न्या. चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चॅसिस घ्या, विटांवर अजिबात नको, वीट भार पडला की पिचते. गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही कोपरे लेव्हलला आणा. मग चॅसिसच्या डाव्या-उजव्या लांब पट्टीवर कंपनीनं पाडलेली सारखी सारखी भोकं शोधा: केबिनच्या माउंटिंगजवळ, पाट्याच्या (मागच्या चाकाच्या स्प्रिंगच्या) पुढच्या टोकाला हँगरजवळ, मागच्या टोकाला शॅकलजवळ, चॅसिसच्या शेपटाला. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडा आणि खाली खडूनं खूण करा. सगळ्या खुणा झाल्या की गाडी बाजूला घ्या. आता जमिनीवर तुमच्या चॅसिसचा नकाशा उमटलेला आहे. स्टीलचा टेप घेऊन कर्ण मोजा. एका वेळी एक चौकोन: केबिन ते हँगर, हँगर ते शॅकल, शॅकल ते शेपूट. ज्या चौकोनाचे दोन कर्ण सारखे नाहीत, वाकडेपणा तिथं.

दोन सुतांपर्यंत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक असला तर चालून जाते. पुढच्या दोन चौकोनांत त्यापेक्षा जास्त आला तर एक पट्टी मागं, एक पुढं सरकली असं समजायचं. ते काम घरी होत नाही, ट्रॅक्टर असो की रेल्वेचं इंजिन. फरक फक्त शेपटात असला तर बोलू.

पुण्यातला_वणीकर
मिस्त्रीकाका, हे वाचून मला मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप हास्यास्पद वाटायला लागलं.

वाडीचा_मिस्त्री
ॲप बी चालते. पण ओळंब्याची बॅटरी उतरत नाही.

कलम_आणि_कागद
एक गोष्ट सगळे विसरताहेत. डाला उतरवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो, नंबर प्लेटसकट. चूक टेम्पोची आहे, तेव्हा त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून तुमच्या गाडीचं नुकसान मागता येतं. थर्ड पार्टीत फक्त माणसाचं नुकसान मिळतं असा आपल्याकडे समज आहे, तसं नाही, मालमत्तेचंही मिळतं. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो आणि २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. पोलिसांच्या नोंदीची प्रत, पंचनामा, टेम्पोच्या विम्याचा नंबर, गॅरेजचं लेखी कोटेशन आणि घरी केलं तरी सुट्या भागांची पक्की बिलं जपून ठेवा. कबाड्याकडूनही बिल मागा.

बारातेराचा_पाना
कबाड्याकडून पक्कं बिल. दादा, तुम्ही कोणत्या देशात राहता?

हिंगणघाटचा_गाडा
सत्तर हजारासाठी न्यायाधिकरण म्हणजे यवतमाळच्या चकरा, वकील, तारखा. आमच्या गावातल्या एकाचं अजून चालू आहे, गाडी केव्हाच विकली त्यानं. टेम्पोवाल्याशी बसून बोला. तो थांबला म्हणजे माणूस बरा असावा. पंचवीस-तीस रोख देत असेल तर घ्या आणि विषय मिटवा.

कलम_आणि_कागद
रोख घ्यायला माझी ना नाही. फक्त घेताना कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि पोलीस ठाण्यातही ते कळवा. सहा महिने मात्र डोक्यात ठेवा. ‘देतो देतो’ म्हणत लोक नेमके तेवढे महिने काढतात.

लोहारकी
मिस्त्रींचं सगळं मान्य, पण एवढं भिण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या घरी तीन पिढ्या ट्रॉल्या, वखर, बैलगाडीच्या धावा झाल्या. वाकलेलं लोखंड लाल करा, घणानं बसवा, सरळ होतं. गॅस कटिंगचा सेट भाड्यानं मिळतो.

वाडीचा_मिस्त्री
लोहारकी भाऊ, तुमच्या कामाला हात जोडतो. वखराची पास लाल करून पाण्यात बुडवली तर तिला धार येते, ते तिथं बरोबर आहे. चॅसिसची पट्टी ही दाबून घडवलेली चॅनल. लाल केली की त्या जागेची ताकद जाते. दिसायला सरळ दिसेल आणि मग लोड भरून मोरीवरून उडाली की त्याच जागी बसेल. बाजूच्या थंड लोखंडातही ताण राहतो तो वेगळाच. चॅसिस थंडीच ओढायची, हळूहळू. घाई असेल तर ओढू नये.

लोहारकी
ट्रॉलीची चॅसिस गरम करूनच केल्या आम्ही, चालताहेत.

वाडीचा_मिस्त्री
ट्रॉली हायवेवर सत्तरनं पळत नाही. पळू बी नये.

कायले_बाप्पा
ट्रॉलीच्या मागं लाल लाइट बी नसते, थे काऊन नाई बोलत कोणी. रातच्याला उसाची ट्रॉली अन् कापसाची गाडी, देवच वाचवते मागच्याले.

मोर्शीचा_संत्रावाला
बाप्पा बोलला ते थट्टेत घेऊ नका. आमच्याकडे आंबिया बहाराचा हंगाम लागला की रात्रभर गाड्या नागपूरकडे. क्रेट फाळक्याच्या वर, त्यावर ताडपत्री, ती खाली लोंबून टेललॅम्प झाकते. कापसाचं तर विचारूच नका, बोंदऱ्या बांधून गाडीच्या दीडपट रुंदी. बाजूनं किंवा मागं बाहेर आलेल्या मालाला २०१९ पासून वीस हजार दंड आहे, वजन जास्त असलं तरी वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. दंडाचं सोडा. मागच्याला आपली गाडी दिसलीच नाही तर तो ब्रेक कशाला मारेल?

अरुणावतीकाठ, तुमचा लॅम्प आधी चालू होता ना? सहज विचारतो.

अरुणावतीकाठ
चालू होता, इंडिकेटरही दिला होता. पंचनाम्यात उजव्या बाजूचा चालू असल्याचं लिहिलं आहे. डावा फुटलाच.

दर्यापूरची_ताई
आमची भाजीपाल्याची पिकअप अशीच मागून मार खाल्लेली होती. गॅरेजमध्ये डाला, फाळका, रंग सगळं छान करून दिलं. गाडी रस्त्यावर आली तर खेकड्यावानी तिरपी चालायची. स्टेअरिंग जरा उजवीकडे धरून ठेवलं की सरळ. मागचे टायर एका कडेनं खाऊन टाकले. अलाइनमेंटवाला पुढच्या चाकांशीच खेळत बसला. शेवटी मूर्तिजापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दोन्ही बाजूंचं पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंतचं अंतर दोरीनं मोजून दाखवलं. फरक! मागची धुरीच (दोन चाकांमधला अ‍ॅक्सल) पाट्यावर सरकलेली. रंग द्यायच्या आधी हे बघून घ्या दादा, नंतर डाला पुन्हा उतरवायचा म्हणजे जिवावर येतं.

बारातेराचा_पाना
ताई, हे सगळ्यात कामाचं. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला असणार.

दर्यापूरची_ताई
तोच. बोटाएवढा बोल्ट आणि त्याच्यापायी दोन टायर गेले.

पुण्यातला_वणीकर
अवांतर: कोणी खारपाणपट्ट्यातल्या गाड्यांच्या गंजाबद्दल लिहील का? दर्यापूर-अंजनगावकडच्या गाड्या खालून लवकर सडतात असं ऐकतो.

दर्यापूरची_ताई
वेगळा धागा काढा हो. सडतात त्या चिखल न धुतल्यामुळे. काळी माती चॅनलच्या आत बसली की दिवाळीपर्यंत ओलीच राहते.

अरुणावतीकाठ
मापं घेतली. ओट्यावर जागा मिळाली, डाला चेन पुलीनं कडुनिंबाच्या फांदीला टांगून गाडी खालून काढून घेतली. केबिन ते हँगर: कर्ण बरोबर. हँगर ते शॅकल: एक सूत फरक, बहुतेक माझ्या खडूच्या जाडीचाच. शॅकल ते शेपूट: पाच सूत. डावं शेपूट आत आणि थोडं खाली वळलं आहे. वळलं तिथं आतल्या बाजूनं रंग सुरकुतून निघाला आहे.

ताईंनी सांगितलेलं मोजलं. डाव्या बाजूचं चाकांमधलं अंतर उजव्यापेक्षा अडीच सूत जास्त. जास्त, कमी नाही. मागून मार बसला तर चाक पुढे यायला हवं होतं ना? हे समजलं नाही.

वाडीचा_मिस्त्री
शाबास. आता बोलायला काहीतरी आहे.

अडीच सूत जास्त आलं ते बरोबरच आहे. टेम्पो तुमच्या चाकाला नाही लागला, चॅसिसच्या शेपटाला लागला. चॅसिस झटक्यात पुढं गेली, वजनदार धुरी जागीच राहायला बघते. दोघांना धरून ठेवणारा सेंटर बोल्ट मधातून कापला गेला. त्याच कारणानं बाकीचंही पाहून घ्या: गिअरबॉक्सचं माउंटिंग रबर, इंजिनची दोन्ही माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट. रेडिएटरचा पंखा कुठं घासतोय का ते हातानं फिरवून बघा. झटका मागून बसतो, पण ढिलं पुढचं होते.

शॅकलच्या मागचं शेपूट घरी होईल. पण आधी सुरकुती आहे तिथं भेग आहे का ते बघा. रंग घासून काढा, रॉकेल किंवा डिझेल लावा, जरा थांबा, फडक्यानं कोरडं करा आणि वर खडूची पूड चोळा. भेग असली तर पुडीवर काळी ओली रेघ उमटते. भिंग घेऊन बसायची गरज नाही, डोळ्याला दिसते.

अरुणावतीकाठ
पट्टीवर रेघ नाही. आडव्या चॅनलच्या रिव्हेटजवळ आहे, करंगळीच्या नखाएवढी. चॅनल तशीही बदलायचीच आहे.

वाडीचा_मिस्त्री
बदलाच. जुने रिव्हेट छिलून काढा, पट्टीच्या भोकाला जखम होऊ देऊ नका. नवीन चॅनल हाय टेन्साइल बोल्टनं बसवा, डोक्यावर ८.८ लिहिलेलं पाहून घ्या, भोकात ढिला बसणारा नको. तिथं वेल्डिंग करू नका.

ओढायचं असं. चॅसिस पुढून दोन जागी जमिनीत गाडलेल्या खुंटांना बांधा. मागं साखळी, साखळीच्या मधात जॅक किंवा टर्फर (हातानं ओढायचं यंत्र). ट्रॅक्टरनं झटका द्यायचा नाही, बाप्पा सांगत होता तसं तर मुळीच नाही. साखळीवर ओली पोती टाकून ठेवा. तुटली तर उडून माणसाला लागणार नाही. साखळीच्या रेघेत कोणी उभं राहायचं नाही, पोरंटोरं तर ओट्याच्या जवळही नको. थोडं ओढा, ढिलं सोडा, मोजा. पट्टी थोडी परत जाते, म्हणून मापाच्या एखादं सूत पुढं नेऊन सोडावी लागते. पाच सुतांवरून दोनवर आलं की हात थांबवा.

कायले_बाप्पा
मिस्त्रीकाकानं माह्यं नाव घेतलं, आता म्या हे पान फ्रेम करून घरात लावतो.

लोहारकी
एक भर. ओढताना बाहेरून पट्टीवर हलके हातोडे मारत राहा. ताण सुटायला मदत होते. हे थंडंच, मिस्त्री.

वाडीचा_मिस्त्री
हे मात्र सोळा आणे बरोबर.

बारातेराचा_पाना
वेल्डिंगचं सांगतो. डाल्याच्या पत्र्याला, फाळक्याच्या बिजागऱ्यांना करणार असाल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, नाहीतर अल्टरनेटर जातो. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. चाकाजवळ लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, त्याला डाग पडतात. डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा. ‘डिझेल पेटत नाही’ म्हणणारे असतात. अर्ध्या रिकाम्या टाकीतली वाफ आणि चिंध्या पेटायला वेळ लागत नाही. पत्र्याला १२ नंबरचा रॉड, डाल्याच्या जाड चॅनलला १०. आणि शेतीच्या फिडरची लाइट असेल तर व्होल्टेज आधी पाहा. मशीन रॉड चिकटवायला लागलं की चुलतभाऊ शिव्या मशीनला देईल, दोष महावितरणचाही नसतो कधी कधी, शंभर फुटांची बारीक वायर असते.

अरुणावतीकाठ
दोन सुतांवर आणलं. यू-बोल्ट नवीन घातले, सेंटर बोल्टही. धुरी सेट केली, दोन्हीकडे अंतर सारखं. चॅनल बसली. डाल्याखालचे रबर पॅकिंग सगळे सडले होते, ते नवीन टाकून डाला ठेवला. केबिनच्या मधे दोन्हीकडे तळहात जातो. इंजिनचं उजवं माउंटिंग फाटलेलंच निघालं.

एक अडचण. ब्रेक दाबला की मागची चाकं लगेच लॉक होताहेत, रिकाम्या गाडीला. आधी असं नव्हतं.

हिंगणघाटचा_गाडा
ड्रम आउट असेल. लायनरवर तेल?

बारातेराचा_पाना
धुरी काढताना ब्रेक पाइप खोलला होता का? हवा?

वाडीचा_मिस्त्री
हवा असती तर पॅडल खाली गेलं असतं, चाक लॉक झालं नसतं. धुरीवरून चॅसिसकडे एक बारीक दांडी जाते, ती बघा. तिच्या टोकाला व्हॉल्व्ह आहे. गाडीत माल भरला की पाटे दबतात, दांडी वर जाते, व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत कमी. तुमची दांडी वाकली असणार, म्हणून व्हॉल्व्हला वाटते गाडी भरलेलीच आहे. बरेच जण ती दांडी तारेनं बांधून टाकतात. बांधू नका. पावसात रिकामी गाडी गोल फिरते.

अरुणावतीकाठ
वाकलेलीच आहे! ढेपेच्या पोत्यांनी की टेम्पोनं देव जाणे. सरळ करू की नवीन?

वाडीचा_मिस्त्री
नवीन. आणि दांडीची लांबी गाडी रिकामी, चारही चाकांवर उभी असताना लावायची, जॅकवर असताना नाही. यू-बोल्टही चाकांवर उभी असताना पुन्हा आवळा आणि थोडी चालवून परत एकदा.

मोर्शीचा_संत्रावाला
आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट केव्हा आहे? आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी लागतं. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी, बाजूला पिवळी, दोन्ही लावूनच न्या. आणि चॅसिस नंबर ठोकलेला आहे त्या जागेवर प्रायमरही फासू नका. नंबर वाचता आला नाही तर एमएच-२९ वाले, म्हणजे यवतमाळचे आरटीओ, गाडी परत पाठवतील.

अरुणावतीकाठ
फिटनेस फेब्रुवारीत. नंबर स्वच्छ आहे. टेम्पोवाल्यानं वीस हजार कबूल केले, दहा दिले, बाकीचे सोयाबीन विकल्यावर. कागद केला आहे. डावा फाळका-कुंडा आणि डाव्या टेललॅम्पची जाळी कोणाकडे असेल तर सांगा, यवतमाळ-दारव्हा-दिग्रस कुठेही येतो.

दर्यापूरची_ताई
जाळी आमच्याकडे पडली आहे, उजवी. चालेल का?

कायले_बाप्पा
डावीकडं वळाचंच नाई मंग, काम झालं.

बारातेराचा_पाना
ताई, ती उलटी फिरवून लागते, फक्त खालचं एक भोक नवीन पाडावं लागतं. पाठवून द्या. एसटीच्या पार्सलनं येईल.